पलीकडून बघायचं मंदिर

इसवी सन 1052 पासून जगाची घसरण सुरू होणार, याबद्दल जपानच्या दरबारात कुणाला फारशी शंका नव्हती. हिशेब आधीच झालेला होता. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतरची पहिली हजार वर्षं सद्धर्माची, म्हणजे उपदेश, आचरण आणि त्यातून मुक्त होणारी माणसं, सगळं जिवंत असलेली. पुढची हजार वर्षं नुसत्या बाह्य रूपाची. मठ उभे राहतील, घंटा वाजतील, पण हाती फारसं काही लागणार नाही. त्यानंतरच्या युगात फक्त शब्द उरतील. या शेवटच्या युगाला जपानी लोक ‘माप्पो’ म्हणत. चीनमार्गे आलेल्या परंपरेत बुद्धाचं महापरिनिर्वाण इसवी सनापूर्वी 949 साली मानलं जाई. त्यात दोन हजार वर्षं मिळवली की माप्पोचं पहिलं वर्ष येतं 1052.

नेमक्या त्याच वर्षी फुजिवारा नो योरिमिची याने क्योतोच्या दक्षिणेला, उजी नदीच्या काठी असलेल्या आपल्या वाड्याचं मंदिर करून टाकलं. हा काही साधासुधा भाविक नव्हता. सम्राटाच्या नावाने देशाचा कारभार हाकणाऱ्या घराण्याचा तो प्रमुख होता, साठी गाठलेला आणि तीस-पस्तीस वर्षं सत्तेवर बसलेला. मंदिराचं नाव ठेवलं ब्योदो-इन. पुढच्याच वर्षी, 1053 मध्ये, तिथे तळ्याच्या मधोमध अमिताभ बुद्धाचं एक दालन उभं राहिलं. लाकडाची ही इमारत आज पावणेदहा शतकांनंतरही जागेवर आहे.

तो हिशेब चुकलेला होता, हे आज सांगणं सोपं आहे. श्रीलंकेच्या परंपरेत महापरिनिर्वाणाचं वर्ष इसवी सनापूर्वी 544 आहे. त्या गणनेप्रमाणेच 1956 साली अडीच हजाराव्या बुद्धजयंतीचे सोहळे देशोदेशी झाले, आणि त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. आजचे बरेच इतिहासकार तर बुद्धाचा काळ याहूनही अलीकडे ओढतात. म्हणजे श्रीलंकेचं वर्ष धरलं तरी योरिमिचीच्या हाताशी अजून चारशे वर्षं शिल्लक होती. पण हे त्याला कुणी सांगितलं असतं, तर उजीला बघण्यासारखं काय राहिलं असतं कोण जाणे. चुकीच्या बेरजेतून इतकं देखणं उत्तर क्वचितच निघालं असेल.

भीतीला बेरजेशिवायही कारणं होती. डोंगरावरच्या मठांतले भिक्षू शस्त्रं घेऊन राजधानीत उतरू लागले होते. खुद्द योरिमिचीच्या दारापर्यंत त्यांचा मोर्चा येऊन गेला होता. आणि त्याच्या घरातलं दुखणं निराळंच. या घराण्याच्या सत्तेचं मर्म लग्नांत होतं. मुली सम्राटांना द्यायच्या, नातवाला गादीवर बसवायचं आणि त्याच्या नावाने राज्य करायचं. योरिमिचीच्या मुली राजवाड्यात गेल्या, पण गादीवर बसेल असा नातू झाला नाही. सगळं असूनही पुढे काहीच नाही, अशा अवस्थेतला हा माणूस मंदिर बांधायला घेतो.

त्याचे वडील मिचिनागा. त्यांच्या काळात घराण्याचा सूर्य माथ्यावर होता. त्यांनी क्योतोत होजो-जी नावाचं अफाट मंदिर बांधलं आणि 1028 साली तिथेच देह ठेवला. अमिताभाच्या नऊ मूर्तींच्या हातांना बांधलेले धागे दुसऱ्या टोकाला स्वतःच्या हातात धरून ते गेले, असं वर्णन त्या काळच्या एका बखरवजा ग्रंथात आहे. हा धागा कशासाठी, ते समजलं की उजीचं मंदिरही समजतं.

अमिताभ हा पश्चिमेकडच्या सुखावती नावाच्या लोकाचा बुद्ध. धर्माकर नावाच्या भिक्षूने फार पूर्वी प्रतिज्ञा केल्या होत्या. मनापासून माझं नाव घेणाऱ्याला मी माझ्या लोकात जन्म देईन, तसं झालं नाही तर मला बुद्धत्व नको, असा त्यातल्या एकीचा भाव. तो भिक्षू अमिताभ झाला. आता वाईट युगात सामान्य माणसाने ध्यानधारणा करून स्वतःच्या बळावर तरून जाणं अवघड, तेव्हा या प्रतिज्ञेचाच आधार. माणूस मरणाच्या दारात असताना अमिताभ स्वतः ढगांवरून, वाजतगाजत, सगळ्या बोधिसत्त्वांसह त्याला न्यायला येतो, अशी ही श्रद्धा. धागा धरायचा तो याचसाठी, चुकामूक होऊ नये म्हणून. वडिलांनी धागा धरला. मुलाने त्या येण्याचा अख्खा देखावाच नदीकाठी उभा केला.

क्योतोहून उजीला लोकल गाडीने अर्धा तासही लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की चहाचा वास येतो. हे गाव जपानच्या उत्तम हिरव्या चहाचं. मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत चहाच्या शेवया, चहाचं आइस्क्रीम, चहाच्या मिठाया यांची एवढी गर्दी आहे, की देवदर्शनाआधी माणूस अडकून पडावा अशीच योजना वाटते. थोडं पुढे गेलं की नदी. बिवा या जपानच्या सगळ्यांत मोठ्या सरोवरातून बाहेर पडणारी ही एकमेव नैसर्गिक नदी. उगमाशी तिचं नाव सेता, इथे उजी, आणि पुढे आणखी दोन नद्या येऊन मिळाल्या की योदो होऊन ती ओसाकाच्या आखातात जाते. डोंगरातून नुकतीच सुटलेली असल्यामुळे ती इथे चांगली खळाळती आहे. पुलाजवळ मुरासाकी शिकिबूचा पुतळा दिसतो. ही योरिमिचीच्या बहिणीच्या, म्हणजे राणी शोशीच्या, सेवेतली लेखिका. तिच्या ‘गेन्जी मोनोगातारी’ या महाकथेची शेवटची दहा प्रकरणं या नदीच्या काठी घडतात, आणि तिथला सूर बहुतेक विरक्तीचाच आहे. दरबारी लोकांच्या मनात उजी म्हणजे राजधानीचं, अलीकडचं जग संपून पलीकडचं सुरू होतं ती जागा.

मंदिरात शिरल्यावर पाऊल आपोआप तळ्याच्या पूर्वेच्या काठाकडे वळतं. वळलं नाही तर वळवावं, कारण ही वास्तू तिथूनच बघण्यासाठी केलेली आहे. पाण्यापलीकडे मधलं दालन, दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब ओवऱ्या, त्यांच्या कोपऱ्यांवर छोटे मनोरे, आणि मागच्या बाजूला निघालेली आणखी एक ओवरी. पंख पसरून शेपूट मागे टाकलेला पक्षी नुकताच उतरला आहे, असं दिसतं. मधल्या छपराच्या दोन टोकांवर मीटरभर उंचीचे काशाचे ‘होओ’ पक्षी बसवलेले आहेत. हा चिनी पुराणकथांतला शुभ पक्षी, इंग्रजी पुस्तकांनी त्याला फिनिक्स केलं. म्हणून या दालनाला ‘होओ-दो’ म्हणू लागले, तेही बांधल्यानंतर कित्येक शतकांनी. आज छपरावर दिसतात त्या प्रतिकृती. मूळ जोडी शेजारच्या संग्रहालयात सुरक्षित आहे.

मग लक्षात येतं की हे पंख कशाच्याच उपयोगाचे नाहीत. ओवऱ्यांना वरचा मजला आहे, पण माणूस ताठ उभा राहील इतकीही उंची त्याला नाही. तिथे पूजा होत नाही, कुणी राहत नाही, सामान ठेवत नाहीत. देशातल्या सगळ्यात धनाढ्य माणसाने कसबी सुतार लावून, उत्तम लाकूड वापरून, जिथे कुणी जाऊच शकणार नाही असे मजले बांधले. वास्तुशास्त्राच्या कुठल्याही शहाण्या विद्यार्थ्याला हे खटकेल. खुलासा चित्रांत सापडतो. सुखावतीचा देखावा रंगवण्याची जुनी परंपरा चीनमधून जपानात आली होती. तैमा-देरा या मंदिरातला आठव्या शतकातला विणलेला पट तिचा प्रसिद्ध नमुना. मध्ये अमिताभ, मागे दोन्ही बाजूंना पसरलेले महाल, पुढे कमळांचं तळं. चित्रातल्या महालाला जिने लागत नाहीत. योरिमिचीच्या कारागिरांनी ते चित्रच लाकूड आणि कौलांत उभं केलं, आणि चित्रात जे निरुपयोगी होतं तेही तसंच ठेवलं. मला या इमारतीत सगळ्यात जास्त थक्क करतो तो हाच प्रामाणिकपणा.

दिशा बघा. दालनाचं तोंड पूर्वेला. म्हणजे तळ्याच्या काठी उभा राहून बघणारा पश्चिमेकडे, सुखावतीकडे तोंड करून उभा असतो. संध्याकाळी सूर्य दालनाच्या मागे उतरतो. दालनाच्या दर्शनी जाळीत एक गोल झरोका ठेवला आहे, आणि त्यातून पाण्यापलीकडच्या माणसाला आतल्या मूर्तीचा नेमका चेहरा दिसतो. बाकी शरीर जाळीआड. 1990 नंतरच्या उत्खननांत तळ्याचा मूळ काठ सापडला. तो दगडी बांधाचा नव्हता, तर समुद्रकिनाऱ्यासारखा गोट्यांचा, हळूहळू पाण्यात उतरत जाणारा होता. आता तो पुन्हा तसा केला आहे, त्यामुळे आपण उभे आहोत ती जमीन नेमकी कुठे संपते, हे सांगता येत नाही.

आत जायला वेगळं तिकीट आहे, आणि पन्नास-पन्नास माणसांचे गट करून सोडतात. सकाळी लवकर ते काढून ठेवावं, नंतर संपतं. फोटो काढायची परवानगी नाही, हे बरंच आहे. समोर ध्यानमुद्रेत बसलेला अमिताभ, सुमारे पावणेतीन मीटर उंच, लाखेवर सोन्याचा वर्ख. डोक्यावर जाळीदार कोरीव लाकडी छत्र. गुडघ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जितकं अंतर, तितकीच बैठकीपासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंतची उंची. म्हणजे ही अख्खी मूर्ती एका चौकोनात बसते, आणि तिच्याकडे बघताना जी स्थिरता जाणवते तिचं निम्मं कारण या भूमितीत आहे. शिल्पकार जोचो. त्याचीच म्हणून निःसंशय सांगता येईल अशी आज उरलेली ही एकमेव मूर्ती. त्याच्यानंतर शंभरावर वर्षं जपानी शिल्पकार बुद्ध म्हटला की हाच चेहरा आणि हीच मापं डोळ्यांपुढे ठेवत.

ही मूर्ती एका ओंडक्यातून कोरलेली नाही, ती आतून पोकळ आहे, आणि खरी गंमत तिथे आहे. लाकूड वाळताना आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. वर्तुळाकार वलयांच्या रेषेत ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मध्यापासून सालीकडच्या दिशेत आकसतं. परिघ मध्यापेक्षा जास्त आखडला की ओंडक्यापुढे एकच वाट उरते, बाहेरून गाभ्याकडे तडकण्याची. लाकूडकामाच्या दुकानात पडलेल्या कुठल्याही गोल ओंडक्याच्या तोंडावर ही भेग दिसेल. मोठी मूर्ती एका बुंध्यातून कोरली की आज ना उद्या तिच्या छातीवरून किंवा गालावरून चीर जाणार. म्हणून जुने शिल्पकार पाठीमागून मूर्ती पोखरत, कधी तिचे दोन भाग करून आतून कोरून पुन्हा जोडत. जोचोने ही वाट शेवटपर्यंत नेली. हिनोकी हे जपानातलं सायप्रसच्या कुळातलं सरळ धाग्याचं लाकूड. त्याचे गाभा वगळलेले कितीतरी तुकडे घ्यायचे, ढोबळ आकार द्यायचा, आतून कोरून पातळ करायचे, एकमेकांत बेमालूम बसवायचे आणि मग वरचं बारीक काम करायचं. पातळ लाकूड सारखं वाळतं, तडकत नाही, आणि मूर्ती हलकी होते. या पद्धतीला ‘योसेगी’ म्हणतात.

याचा दुसरा परिणाम कारखानदारीचा. मूर्ती तुकड्यांत विभागली की कामही विभागता येतं. एकाने हात करावा, दुसऱ्याने गुडघा, तिसऱ्याने मस्तकावरचे कुरळे केस. मोठ्या कामांवर जोचोच्या हाताखाली शंभराहून जास्त माणसं राबत. उस्तादाने आराखडा द्यायचा आणि चेहरा सांभाळायचा. एका महान शिल्पकाराच्या एकट्या हाताची निर्मिती ही आपली कल्पना इथे गळून पडते. 1022 साली दरबाराने जोचोला भिक्षूंना मिळणारी मानाची पदवी दिली. तोपर्यंत हा मान कुठल्याही मूर्तिकाराला मिळाला नव्हता.

मान वर केली की भिंतींवर ढग. प्रत्येक ढगावर एकेक छोटा बोधिसत्त्व. असे बावन्न. कुणी बिवा, कुणी कोतो ही तंतुवाद्यं छेडतंय, कुणी बासरी फुंकतंय, कुणी ढोल बडवतंय, काही नाचतायत, काही नुसते हात जोडून बसलेत. ही न्यायला आलेली वरात. यातले निम्मे, सव्वीस, आता संग्रहालयात ठेवले आहेत, आणि तिथे ते डोळ्यांच्या पातळीवर बघता येतात. ढोल वाजवणाऱ्याच्या मनगटातला झोल तिथेच दिसतो. दरवाज्यांवर आणि भिंतींवर अमिताभाच्या आगमनाची नऊ चित्रं होती, कारण माणसांच्याही नऊ प्रती मानलेल्या. अगदी खालच्या प्रतीच्या पाप्यालाही न्यायला तो येतोच, फक्त थाट कमी. या चित्रांतले डोंगर, झाडं, शेतं जपानची आहेत, चिनी नाहीत. जपानी ढंगाच्या निसर्गचित्रांचे इतके जुने नमुने फार थोडे उरले आहेत. मूळ रंग बरेच विटल्यामुळे दालनात आता नव्याने रंगवलेले दरवाजे लावले आहेत.

हे सगळं टिकलं ते निव्वळ नशिबाने. मिचिनागांचं होजो-जी 1058 मध्येच जळालं. उजीत 1180 साली लढाई झाली. ताइरा घराण्याविरुद्ध उठलेला सत्तरी ओलांडलेला मिनामोतो नो योरिमासा एका राजपुत्राला घेऊन इथे आला. पाठलाग करणाऱ्यांना अडवायला त्याच्या माणसांनी पुलाच्या फळ्या उखडून टाकल्या, पण ताइरांचे स्वार भर प्रवाहात घोडे घालून पार झाले. योरिमासाने मंदिराच्या आवारातच पोट चिरून घेतलं. पंख्याच्या आकाराचं हिरवळीचं एक छोटं आवार ती जागा म्हणून दाखवतात. 1336 च्या लढाईत तर मंदिराच्या जवळजवळ सगळ्या इमारती आगीत गेल्या. मधलं दालन राहिलं.

पुढे जगाने ते पाहिलं ते निराळ्याच वाटांनी. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जपानने या दालनाच्या धर्तीवर आपलं भवन बांधलं, आणि तरुण वास्तुकार फ्रँक लॉईड राइटवर त्याचा ठसा उमटला असं मानतात. हवाईतल्या ओआहू बेटावर 1968 मध्ये एका दफनभूमीत त्याची लहान प्रतिकृती झाली. जपानात 1951 पासून दहा येनच्या नाण्यावर हेच दालन आहे. म्हणजे ज्याने ते कधी पाहिलं नाही त्याच्याही खिशात ते खुळखुळत असतं.

2012 ते 2014 दरम्यान मोठी दुरुस्ती झाली आणि लाकडाला गेरूचा मूळ तांबडा रंग परत दिला गेला. जुन्या, राखाडी, पावसात भिजून विटलेल्या ब्योदो-इनवर प्रेम करणाऱ्यांना तो भडक वाटला. माझं मत दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूने आहे. सुखावती विटकी असेल, असं योरिमिचीच्या स्वप्नातही आलं नसतं.

आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं बघण्यासाठी केलेलं होतं. एक गोष्ट मात्र कुणीच बघू नये म्हणून केलेली आहे. अमिताभाच्या पोकळ देहाच्या आत एक रंगवलेलं लाकडी कमळ आहे, आणि त्या कमळावर लाकडाची एक गोल चकती. हे चंद्रबिंब म्हणजे मूर्तीचं हृदय. त्यावर अमिताभाच्या दोन धारणी, म्हणजे मंत्र, एक मोठी आणि एक छोटी, लिहिलेल्या आहेत. भाषा संस्कृत. लिपी सिद्धम्. मूर्ती जोडून बंद केली, सोनं चढवलं, आणि ही अक्षरं अंधारात ठेवून दिली.

सिद्धम् ही आपल्या देवनागरीची जवळची नातलग. दोघींचं मूळ गुप्त काळातल्या ब्राह्मीत. भारतातून भिक्षू ती चीनला घेऊन गेले आणि 806 मध्ये कूकाई या जपानी भिक्षूने ती चीनहून मायदेशी नेली. भारतात ती केव्हाच वापरातून गेली. जपानात आजही जिवंत आहे. तिथल्या स्मशानांत थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या रोवतात, त्यांवर ब्रशने काढलेली सिद्धम् अक्षरं असतात. अमिताभाचं बीजाक्षर ‘ह्रीः’. जपानी जिभेला ते ‘किरिकू’ झालं आहे, पण थोडं निरखलं तर मराठी शाळेत शिकलेल्या डोळ्याला त्यातला विसर्ग ओळखू येतो.

सुखावतीचं वर्णन करणारं छोटं सूत्र मुळात संस्कृत. भारतात ते हरवल्यासारखंच होतं. 1879 साली नान्जो बुन्यू आणि कासाहारा केन्जू हे दोन तरुण जपानी भिक्षू ऑक्सफर्डला माक्स म्युलर यांच्याकडे संस्कृत शिकायला लागले. म्युलर जपानात जुन्या संस्कृत पोथ्या आहेत का याचा शोध घेत होते, आणि अखेर या सूत्राचा सिद्धम् लिपीतला पाठ जपानहून त्यांच्या टेबलावर येऊन पोचला. 1883 मध्ये तो छापला गेला. मुखपृष्ठावर म्युलर यांच्या जोडीने नाव होतं विद्यार्थ्याचं, नान्जोचं.